सहा फुटांचा ठोकळा आणि त्याच्याभोवतीची जागा

१९६२ साली टोनी स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराने न्यू जर्सीतल्या एका वेल्डिंग कारखान्याला फोन करून ऑर्डर दिली. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट उंच घन. पत्रा पाव इंची, हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) पोलादाचा. आतून तिरपे आधार. एवढंच. चित्र नाही, मातीचा नमुना नाही, छिन्नी-हातोडा तर नाहीच. या ठोकळ्याचं नाव ‘डाय’. इंग्रजीत या एका शब्दातून फासा, साचा आणि मरण असे तीन अर्थ निघतात, आणि सहा फूट म्हटलं की तिकडच्या माणसाला थडग्याची खोलीही आठवते. पण नाव बाजूला ठेवू. खरी गोम आकड्यात आहे.

स्मिथला विचारलं गेलं, की हा आणखी मोठा का नाही केला, म्हणजे बघणाऱ्याच्या अंगावर आला असता? त्याचं म्हणणं, मला स्मारक करायचं नव्हतं. बरं, मग लहान का नाही केला, म्हणजे वरून पलीकडचं दिसलं असतं? तर, मला वस्तू करायची नव्हती.

ही दोन उत्तरं नीट उलगडली की मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी आकार-खुणांवर उभ्या असलेल्या, शिल्पांचं निम्मं कोडं सुटतं. माणसाचे डोळे डोक्याच्या टोकापासून साधारण दहा-बारा सेंटिमीटर खाली असतात. म्हणजे सहा फुटी माणसाचे डोळेसुद्धा जमिनीपासून पावणेसहा फुटांच्या आतच राहतात. घनाचा माथा १८३ सेंटिमीटरवर. त्यामुळे एखादा फारच उंच माणूस सोडला तर माथा कुणालाच दिसत नाही. उभ्या बाजूंपैकी एका जागेवरून जास्तीत जास्त दोन दिसतात. सहापैकी दोन. उरलेल्या चार आपण मनाने भरून काढतो, आणि त्या खरंच तशा आहेत का हे बघायचं तर चालावं लागतं.

आता तोच घन एक फुटाचा करून टेबलावर ठेवा. माथ्यासकट तीन बाजू एका नजरेत येतात, उचलून फिरवता येतो, दोन सेकंदांत संपतो. पंधरा फुटांचा करा. मान वर करावी लागते, मागे सरकावं लागतं. आता ती इमारत झाली आणि आपण तिच्या पायथ्याशी. सहा फुटांवर मात्र काहीतरी वेगळं घडतं. वाटेत कुणी माणूस उभा असावा तसा तो उभा राहतो. त्याला वळसा घालताना आपण नकळत तेवढंच अंतर ठेवतो, जेवढं अनोळखी माणसापासून ठेवू.

आकार अगदी साधा, आणि त्याचं मोजमाप मात्र इंचाइंचाने ठरवलेलं. या शिल्पांत बघायची गोष्ट असते ती ही. ठोकळा हे एक प्रकारचं माप आहे. ते खोलीत ठेवलं की खोली आणि आपलं शरीर दोन्ही मोजली जातात.

चौथरा गेला कुठे?

पुतळ्याखालचा चौथरा उंची देतो, तसाच तो हद्दही आखतो. चित्राच्या चौकटीचं जे काम, तेच चौथऱ्याचं: आतली दुनिया वेगळी, बाहेरची वेगळी. चौथऱ्यावरचा घोडेस्वार आपल्या रस्त्यावर नसतो, तो त्याच्या इतिहासात असतो. चौथरा काढून तीच गोष्ट थेट फरशीवर ठेवली की ती आपल्या वाटेत येते. आपले पाय जिथे टेकलेत तिथेच तिचाही भार टेकलेला असतो.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काही कलाकारांनी चौथऱ्यासोबत आणखी बरंच काही काढून टाकलं. हाताच्या खुणा, मानवी आकृती, मुख्य भाग आणि दुय्यम भाग अशी मांडणी, कधीकधी रंगही. कारण सौंदर्याचं सोवळं नव्हतं, कारण व्यवहाराचं होतं. वाचण्याजोगं काही असलं की नजर त्यातच अडकते. पुतळ्याचा चेहरा दिसला की आपण चेहराच बघतो, त्याच्यामागची भिंत किती लांब आहे हे कोण बघतं? रॉबर्ट मॉरिसने १९६४ मध्ये ग्रीन गॅलरीत प्लायवुडचे मोठमोठे आकार मांडले आणि सगळे करड्या रंगाने रंगवले. एक कोपऱ्यात बसवलेला, एक छताला टांगलेला. करडा यासाठी, की तो ‘माझ्याकडे बघा’ म्हणत नाही. नजर त्यावरून घसरते आणि खोलीवर जाते.

त्यांच्यातल्याच डोनाल्ड जडने १९६५ मध्ये एक निबंध लिहून या नव्या कामांना ‘विशिष्ट वस्तू’ म्हटलं, ना चित्र ना शिल्प. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ हे मोठं प्रदर्शन भरलं आणि या सगळ्याला चेहरा मिळाला. ‘मिनिमलिझम’ हे नाव जडला कधीच पटलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. कमी असतं ते वस्तूत. अनुभवात कमी काही नसतं.

तीन सारखे ‘एल’

मॉरिसचं १९६५ चं एक काम या बाबतीत सगळ्यात चांगला धडा आहे. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे तीन तुकडे. प्रत्येकाच्या दोन्ही भुजा आठ फूट लांब, जाडी दोन फूट. तिन्ही तंतोतंत सारखे. फक्त ठेवलेत वेगवेगळे: एक जमिनीवर आडवा पसरलेला, एक एका भुजेवर बसून दुसरी भुजा वर केलेला, आणि तिसरा दोन टोकांवर उभा, कमानीसारखा.

तिन्ही एकच आहेत हे डोक्याला पहिल्या क्षणी कळतं. शरीराला ते पटत नाही. आडवा पडलेला जड वाटतो, जमिनीत रुतल्यासारखा. कमानीसारखा हलका वाटतो, त्याच्या भुजा सडपातळ भासतात. बसलेल्याची वर गेलेली भुजा डोक्यापेक्षा उंच असल्याने तिथे आपण जरा आवरून चालतो. माहिती एक सांगते, अनुभव दुसरं सांगतो, आणि दोन्ही खरे असतात. आकार मनात कायम राहतो, पण आपल्या वाट्याला येताना तो गुरुत्वाकर्षण, जमीन आणि आपली उंची यांच्या गाळणीतून येतो.

हे घरी करून बघता येतं. बुटांच्या सारख्या मापाच्या खोक्यांपासून तीन ‘एल’ जोडा, एकाच रंगाचा कागद लावा आणि तीन तऱ्हांनी ठेवा. पण टेबलावर ठेवलेत तर काहीच होणार नाही. वरून बघताना ते नुसते तीन खेळण्यातले तुकडे दिसतात. जमिनीवर ठेवून, पोटावर झोपून, डोळे त्यांच्या मध्यावर आणून बघा. फरक तिथे कळतो.

जडची रिकामी खोकी

जडची भिंतीवरची ‘रास’ बहुतेकांनी फोटोत पाहिलेली असते: एकाखाली एक लावलेली, भिंतीतून पुढे आलेली पत्र्याची खोकी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या १९६७ च्या राशीत बारा खोकी आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, त्यावर हिरवं लॅकर. प्रत्येक खोकं ९ इंच उंच, ४० इंच रुंद, भिंतीपासून ३१ इंच पुढे. आणि दोन खोक्यांमधली फट? तीही ९ इंच.

इथे थांबायला हवं, कारण सगळी युक्ती या दुसऱ्या ९ मध्ये आहे. फट अर्ध्या इंचाची असती तर आपण त्याला खांब म्हटलं असतं, फट म्हणजे नुसता सांधा. फट तीन फुटांची असती तर बारा सुटी फडताळं दिसली असती. भरीव आणि पोकळ यांची उंची सारखी केल्यावर डोळ्याला ठरवता येत नाही की वस्तू कोणती आणि मोकळी जागा कोणती. खोकं, हवा, खोकं, हवा. हवेलाही ९ बाय ४० बाय ३१ इंचांचा आकार येतो.

दुसरी गोष्ट भाराची. खांबात वरचा भार खाली उतरतो. इथे प्रत्येक खोकं स्वतंत्रपणे भिंतीत पक्कं केलेलं असतं. खालचं वरच्याला पेलत नाही. रास दिसते, पण रचलेली नसते. त्यामुळे ती चढतेय की उतरतेय हेही सांगता येत नाही.

छत बुटकं असेल तर काय करायचं? हिशोब सोपा आहे. दहा खोक्यांची रास म्हणजे दहा वेळा ९ आणि मधल्या नऊ फटी, मिळून १७१ इंच. म्हणजे सव्वाचौदा फूट. छत त्याहून खाली असेल तर खोकी कमी करायची, फट नाही. फट आठ इंचांची करून दहाच्या दहा बसवणं हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, कारण तेव्हा हवा खोक्यापेक्षा कमी पडते आणि तिचं रूपांतर पुन्हा सांध्यात होतं. म्हणजे किती खोकी लागतील हे खोली ठरवते.

जडने हीच गोष्ट पुढे मोठ्या आवाक्यात केली. टेक्सासमधल्या मार्फा या छोट्या गावात, तोफखान्याच्या दोन जुन्या गोदामांत, त्याने १९८२ ते १९८६ या काळात अॅल्युमिनियमची शंभर खोकी मांडली. बाहेरून सगळ्यांचं माप एकच: ४१ बाय ५१ बाय ७२ इंच. आतून मात्र प्रत्येक वेगळं; कुठे उभा पडदा, कुठे आडवा, कुठे तिरका, कुठे एखादी बाजूच नाही. गोदामांची गॅरेजसारखी दारं काढून तिथे मोठ्या काचा बसवल्या. मिल फिनिश अॅल्युमिनियम, म्हणजे वर रंग किंवा पॉलिश न दिलेला पत्रा, ऊन बदलेल तसा बदलतो. सकाळी एखादं खोकं बाहेरच्या वाळक्या गवताचा रंग घेऊन जवळजवळ नाहीसं होतं, दुपारी तेच धातूचा जड ठोकळा होतं. शंभर गोष्टी बाहेरून सारख्या असल्यामुळेच उजेड प्रत्येकीत किती वेगळा पडतो ते दिसतं. प्रत्येकीचा बाहेरचा आकारही वेगळा असता तर फरक आकाराच्या नावावर खपून गेला असता. बाहेर माळावर त्याच्याच काँक्रीटच्या खोक्यांचे पंधरा गट एक किलोमीटर लांबीत मांडलेत. प्रत्येक खोकं अडीच बाय अडीच बाय पाच मीटर, भिंत २५ सेंटिमीटर जाड. मला विचाराल तर आतल्या शंभरांपेक्षा हे पंधरा गट समजायला सोपे आहेत. तिथे उघडा माळ किती मोठा आहे हे कळायला ते चौकोन लागतात, एवढं उमगलं की पुरे.

विटा, पत्रे आणि घोट्याएवढी उंची

कार्ल आंद्रेने शिल्प उभं करणंच सोडलं आणि ते आडवं पाडलं. त्याचं ‘इक्विव्हॅलंट ८’ (१९६६) म्हणजे १२० फायरब्रिक्स, दोन थरांत, सहा रुंदीत आणि दहा लांबीत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. भट्टीच्या अस्तराला वापरतात ती ही वीट, माप ९ बाय साडेचार बाय अडीच इंच. म्हणजे सगळं मिळून ९० इंच लांब, २७ इंच रुंद आणि अवघं पाच इंच उंच.

मूळ प्रदर्शनात अशी आठ कामं होती, प्रत्येकात १२० विटा आणि दोन थर, पण मांडणी वेगळी. एका थरातल्या साठ विटा तीन-वीस, चार-पंधरा, पाच-बारा, सहा-दहा अशा लावता येतात आणि वीट उभी-आडवी फिरवली की माप आणखी बदलतं. ‘इक्विव्हॅलंट ८’ च्याच विटा फिरवून दहा रुंदीत आणि सहा लांबीत लावल्या तर ४५ बाय ५४ इंचांचा जवळजवळ चौरस होतो. क्षेत्रफळ तेवढंच, विटा तेवढ्याच, उंची तीच. पण ९० इंची पट्ट्याच्या कडेने आपण चालतो, आणि चौरसापुढे थांबतो. नाव ‘समतुल्य’ आहे आणि गंमत अशी की गणितात समतुल्य असलेल्या या गोष्टी पायांना अजिबात समतुल्य वाटत नाहीत.

एका तळ्यात होडी वल्हवताना, शिल्प पाण्यासारखं सपाट असायला हवं, हे आंद्रेच्या मनात आलं होतं. आठ कामं एकत्र होती तेव्हा सगळ्यांची उंची सारखीच, पाच इंच. खोलीभर एकाच पातळीला पाणी साचलंय आणि आपण मधल्या कोरड्या वाटांवरून फिरतोय, असा परिणाम व्हायचा. सुटं एकच काम बघणाऱ्याला तो मिळत नाही. मूळ विटा वाळू-चुन्याच्या होत्या. कामं विकली गेली नाहीत म्हणून त्या परत केल्या गेल्या. पुढे पुन्हा करायची वेळ आली तेव्हा तो विटांचा कारखाना बंद झाला होता, म्हणून फायरब्रिक्स आल्या. लंडनच्या टेट गॅलरीने आठवं काम १९७२ मध्ये घेतलं आणि १९७६ मध्ये ‘लोकांच्या पैशाने विटा आणल्या’ म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांत हलकल्लोळ झाला. कुणीतरी त्यावर निळा रंगही ओतला. मजेची गोष्ट म्हणजे टीकाकार म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. त्या विटाच होत्या. त्यांना दुसरं काही भासवणं हेच तर आंद्रेला टाळायचं होतं.

त्याच्या धातूच्या चौरसांत तो आणखी पुढे गेला. १९६९ च्या ‘१४४ मॅग्नेशियम स्क्वेअर’मध्ये एक फूट बाय एक फुटाचे १४४ पत्रे बारा बाय बाराच्या जाळीत सुटे ठेवलेले असतात. त्यावरून चालायला परवानगी असते. चौरसाच्या मध्यावर उभं राहून समोर बघितलं की शिल्प दिसत नाही. ते नजरेच्या टप्प्याखाली असतं. ते फक्त तळव्यांना कळतं, आणि कानांना, कारण मॅग्नेशियम, शिसं, तांबं, पोलाद यांच्यावर पाऊल वेगवेगळं वाजतं. वर छतापर्यंतची हवाही आता त्या बारा फुटांच्या चौरसाची झालेली असते.

सुटे पत्रे मांडताना जे बिघडतं ते नेहमी खालून बिघडतं. जमीन दोन-तीन मिलिमीटरने जरी वरखाली असली तरी कडक पत्रा तीनच कोपऱ्यांवर टेकतो आणि चौथा पाऊल पडलं की खडखडतो. एखादा खडा अडकला तरी तेच. म्हणून आधी पाणसळ लावून जमीन तपासायची, झाडून नव्हे तर व्हॅक्यूमने साफ करायची, आणि मग एका बाजूला सरळ दोरी ताणून पहिली रांग लावायची. मधूनच सुरुवात केली आणि प्रत्येक पत्र्यामागे एक मिलिमीटर चुकला तर बाराव्या पत्र्यापर्यंत रांग सेंटिमीटरभर तिरकी होते.

ट्यूबलाइटने कोपरा पुसणं

डॅन फ्लॅव्हिनने १९६३ मध्ये आठ फुटांची एक ट्यूबलाइट भिंतीवर ४५ अंशांत तिरपी लावली, आणि त्यानंतर जन्मभर बाजारात मिळणाऱ्या ट्यूबच वापरल्या. लांबी दोन, चार, सहा, आठ फूट, रंग मोजकेच. त्यात शिल्प म्हणावं असं काहीच नसतं. जे बदलतं ती खोली.

दोन भिंतींचा कोपरा आपल्याला का दिसतो? कारण एका भिंतीवर उजेड जास्त पडतो, दुसरीवर कमी. या फरकालाच आपण कोपऱ्याची रेघ म्हणतो. कोपऱ्यातच ट्यूब उभी लावली की दोन्ही भिंतींना सारखा उजेड मिळतो, फरक उरत नाही आणि रेघ विरघळते. खोलीला तिथे शेवट आहे हे माहीत असूनही डोळ्याला पुढे आणखी जागा असल्यासारखं वाटत राहतं.

रंगांचा खेळ तर थेट डोळ्याच्या आतला आहे. हिरव्या ट्यूबच्या दालनात काही मिनिटं थांबलं की हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी थकतात आणि उजेड हळूहळू पांढरट वाटायला लागतो. मग खिडकीतून बाहेर बघा: नेहमीचा दिवस गुलाबी दिसतो. घाईने एक फेरी मारून जाणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही.

फक्त लोकरीचा धागा

फ्रेड सँडबॅकचं काम मुद्दा सगळ्यात स्वच्छ दाखवतं, कारण त्यात वस्तू जवळजवळ शून्यावर आलेली असते. अॅक्रिलिक लोकरीचा धागा जमिनीपासून छतापर्यंत ताणलेला, चार फूट सोडून दुसरा, आणि जमिनीवर दोघांना जोडणारा तिसरा. एवढ्यावर मध्ये काचेचा पडदा दिसायला लागतो. लोक त्यातून जात नाहीत, वळसा घालून जातात.

कारण आपल्या पाहण्यात आहे. कडा अर्धवट मिळाल्या की मेंदू उरलेलं प्रतल स्वतः भरतो. गाएतानो कानिझा या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये कागदावर दाखवलेला न काढलेला त्रिकोण, म्हणजे नुसत्या कोपऱ्यांच्या खुणांवरून अख्खा दिसणारा, याच जातीचा. सँडबॅकने तो खोलीत, आपल्या मापाचा केला.

करून बघण्यासाठी एक मोकळा दिवस पुरतो. विणकामाची, साधारण तीन मिलिमीटर जाडीची, न चमकणारी लोकर घ्या. गडद रंग उत्तम. छताला दोन बारीक हूक, मधलं अंतर चार फूट. ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खाली जमिनीवर दोन हूक. धागा एका हुकापासून खाली, जमिनीवरून आडवा, आणि परत वर असा सलग न्या. गाठ छताजवळ, नजरेबाहेर. तीन-चार गोष्टींनी हे हमखास फसतं. तार किंवा नायलॉन वापरलं तर उजेडाची चमक धावते आणि डोळ्याला दोरी दिसते, कड दिसत नाही. लोकरीची मऊ लव उजेड शोषून घेते. ओळंबा न सोडता अंदाजाने लावलं आणि खालचं टोक दोन-तीन सेंटिमीटर सरकलं तर पडदा पिळवटतो आणि भ्रम मोडतो. मागे नक्षीदार भिंत किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर धागाच हरवतो. आणि धागा ढिला नको. बोटाने छेडला की लगेच थांबला पाहिजे. सगळं नीट जमलं की त्या चौकटीतून आरपार चालत जा. चालताना अंग किंचित आखडतं का, तेवढं बघा.

भिंत आपल्यावर झुकते तेव्हा

रिचर्ड सेरा हा या पिढीच्या थोडा पुढचा, पण धागा हाच. त्याच्या १९९६ पासूनच्या ‘टॉर्क्ड एलिप्स’ मालिकेत सुमारे पाच सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यांच्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या भिंती आहेत. रचना अशी: जमिनीवर एक लंबवर्तुळ, वर तेवढंच दुसरं लंबवर्तुळ, पण फिरवलेलं. दोन्हींना जोडणारी भिंत त्यामुळे कुठे आत झुकते, कुठे बाहेर. असा पत्रा वाकवणारी यंत्रं कला-कारखान्यांत नव्हतीच. पहिली कामं मेरीलँडमधल्या एका जहाजबांधणी कारखान्यात झाली.

आत शिरल्यावर पोटात जो गोळा येतो त्याला साधं कारण आहे. तोल सांभाळायला आपण कानातलं संतुलन-इंद्रिय, पाय-सांध्यांची जाणीव आणि डोळे अशा तिघांची साक्ष घेतो. डोळे भिंत उभीच असते असं धरून चालतात. इथे भिंत पावलागणिक वेगळी झुकते, म्हणून डोळ्यांची साक्ष बाकी दोघांशी जुळत नाही. आपण स्वतःच कललोय असं वाटतं.

सेराच्याच ‘टिल्टेड आर्क’ने दुसरी बाजू दाखवली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात उभारलेली ही पोलादी भिंत १२० फूट लांब, १२ फूट उंच, अडीच इंच जाड होती आणि चौकाला आडवी जात होती. आसपासच्या कार्यालयांतली माणसं रोज तिला वळसा घालून जायची. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्या १८० जणांपैकी १२२ जण भिंत ठेवा म्हणाले, तरी १९८९ च्या मार्चमध्ये ती कापून काढली गेली. दुसरीकडे हलवा, असा पर्याय पुढे आला होता. सेराचं म्हणणं होतं की ते काम त्या जागेसाठीच आहे, हलवणं म्हणजे मोडणं. तर्क म्हणून तो बरोबर होता. पण जी भिंत चालण्याची वाट बदलते तिच्यावर रोज चालणाऱ्यांचं मत असणारच, आणि तिकीट काढून एकदा बघणाऱ्यापेक्षा ते वेगळं असणार. मायकल फ्रीड या समीक्षकाने १९६७ मध्येच तक्रार केली होती, की ही कामं नाटकासारखी आहेत, प्रेक्षक आल्याशिवाय ती पुरी होत नाहीत. तक्रार म्हणून ती मला पटत नाही, वर्णन म्हणून तिच्याहून नेमकं मी वाचलेलं नाही.

मांडणीत काय चुकतं

चुका बहुधा वस्तूच्या बाहेर होतात. भिंतीच्या पायथ्याची पट्टी हा जुना शत्रू: शिल्प भिंतीला टेकवायचं असेल तर पट्टीच्या जाडीएवढी फट राहते आणि डोळा तिथेच जातो. स्पॉटलाइट एका बाजूने मारला की करड्या ठोकळ्याला नाट्यमय सावली पडते आणि ती सावलीच शिल्प होऊन बसते. सगळीकडून सारखा, पसरलेला उजेड लागतो. चौरस फरशांवर चौरस शिल्प ठेवलं तर दोन जाळ्यांची भांडणं लागतात. खोली लहान असेल तर मागे सरकायला जागा उरत नाही. सहा फुटांच्या घनाला चारही बाजूंनी किमान त्याच्याएवढी तरी मोकळी जागा हवी, त्याहून कमी जागेत तो अडगळीतला ठोकळा दिसतो.

वस्तूतच चूक असली तर ती बहुतेक वेळा पत्र्याला आलेल्या पोटाची असते. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो, कडा ओढल्या जातात आणि मधला सपाट भाग फुगतो किंवा आत जातो. नक्षीकामात ते लपलं असतं. कोऱ्या सपाट बाजूवर दोन मिलिमीटरचा फुगवटाही तिरक्या उजेडात लाटेसारखा दिसतो. म्हणून जाड पत्रा, आतून आधार आणि एका दमात लांब वेल्ड न मारता अंतरा-अंतराने छोटे टाके. स्मिथच्या फोनवरच्या ऑर्डरीतले ते आतले तिरपे आधार उगीच नव्हते.

फोटो तर या शिल्पांचा मोठाच घात करतात. फोटोत बघणाऱ्याची उंची नसते, त्याचे पाय नसतात. सहा फुटांचा घन आणि सहा इंचांचा घन फोटोत सारखेच दिसतात. ‘हे तर कुणीही करेल’ हे वाक्य बहुधा फोटो बघून बोललेलं असतं.

आणि शेवटी बोटांचे ठसे. कोऱ्या पितळेवर, तांब्यावर, अॅल्युमिनियमवर त्वचेच्या घामातलं मीठ आणि आम्ल बसलं की काही काळाने धातूत खूण उतरते. ती पुसून जात नाही. पॉलिश करून काढावी तर तेवढाच डाग शेजारच्या पत्र्यापेक्षा चकचकीत होतो, मग सगळी बाजू करावी लागते, मग बाकीच्या बाजू जुन्या दिसतात. म्हणून मांडणाऱ्यांच्या हातात मोजे असतात आणि संग्रहालयं भोवती दोर बांधतात. दोर बांधला की मात्र चौथरा मागच्या दाराने परत येतो; शिल्प पुन्हा तिकडचं, आपण इकडचे. काही ठिकाणी दोराऐवजी जमिनीवर दोन फुटांवर पट्टी चिकटवतात, आणि पाहणारा काही वेळ त्या पट्टीलाच शिल्पाची कड समजून तिच्याभोवती फिरत राहतो.